कारण लेखी द्या

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



संयोजकांनी मला ‘संचारस्वातंत्र्य आणि न्यायालयं’ असा विषय दिला, तेव्हा मला वाटलं होतं की निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. इथे आल्यावर कळलं, तुमच्यातल्या आठ-दहा जणांचे परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज चालू आहेत आणि तिघांचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकलंय. म्हणजे गर्दी माझ्यामुळे नाही, त्या तिघांमुळे आहे.

सुरुवात घरापासून करते. माझे आजोबा तारेच्या आत वाढले. ‘तारेच्या आत’ म्हणजे काय, हे आमच्या समाजात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या बाकीच्यांसाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९२४ मध्ये तो नव्याने, सगळ्या देशासाठी एकत्र केला. ठरावीक जातीत जन्म झाला की नाव रजिस्टरात. गुन्हा करायची गरज नव्हती. सेटलमेंटमध्ये राहायचं, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि बाहेरगावी जायचं तर पास घ्यायचा. कुठल्या गावाला, कशासाठी, किती दिवस, सगळं पासवर लिहिलेलं. तिथे पोचलं की तिथल्या पाटलाला दाखवायचा.

आजोबा एकदा सासुरवाडीला लग्नाला गेले. नदीला पाणी आलं म्हणून परतायला एक दिवस उशीर झाला, तर परत आल्यावर त्यांना कोठडीत बसवलं. पण आम्हाला गोष्ट सांगताना ते कोठडीवर फार बोलत नसत. त्यांना जास्त लागलं होतं ते वेगळंच. ते म्हणायचे, ‘पास मागायला गेलं की साहेब कधी द्यायचा, कधी नाही. का नाही, ते विचारायची रीत नव्हती.’

काही प्रांतांनी तो कायदा आधी रद्द केला, देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. राज्यघटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. भारतात कुठेही मोकळेपणाने फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये त्या दिवशी आला. म्हणजे अडीच वर्षं हक्कही होता आणि काही ठिकाणी हजेरीही होती. हे मी परीक्षेत कधी लिहिलं नाही, कारण आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हतंच.

कायदा गेला, पण सवय गेली नाही. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगचा खटला वाचा. १९४१ मध्ये त्याला एका दरोड्याच्या प्रकरणात पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्याची ‘हिस्ट्री शीट’ उघडली. त्याची तक्रार अशी होती की चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावतात, झोपेतून उठवतात, आणि गाव सोडायचं तर आधी चौकीदाराला सांगावं लागतं. कुठे जातोय, कधी परतणार, हे सगळं. पुढच्या गावच्या पोलिसांना त्याची खबर आधीच गेलेली असते. हे ऐकून मला आजोबांचा पास आठवतो. फरक इतकाच की इथे कागदही नव्हता.

डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. बाकीची पाळत मात्र बहुमताने चालू ठेवली. युक्तिवाद असा, की मागून कुणी चाललं म्हणून तुमचे पाय काही बांधले जात नाहीत. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, ज्याच्या प्रत्येक पावलावर नजर आहे तो मोकळा फिरतोय असं म्हणताच येणार नाही. ते तेव्हा अल्पमतात होते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा खडक सिंग निकालातला खासगीपणा नाकारणारा भाग मोडीत निघाला. पंचावन्न वर्षं लागली.

सुब्बा राव हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता माझी गोष्ट. २००७ साल. मी एलएलबी झाले होते आणि इंग्लंडमध्ये एलएलएमला प्रवेश मिळाला होता. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे ‘लंडन’ हा शब्द आई वस्तीत रोज कुणाला ना कुणाला सांगायची. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. राहिला होता पासपोर्ट.

त्याआधी दोन वर्षं, वसतिगृहाची मेस बंद पडली म्हणून आम्ही चाळीस-पन्नास मुलामुलींनी कलेक्टर कचेरीसमोर ठिय्या दिला होता. महाराष्ट्रात आंदोलन केलेल्यांना हा आकडा पाठ असतो : मुंबई पोलीस कायदा, कलम ३७ चा जमावबंदी आदेश आणि तो मोडला म्हणून कलम १३५. आमच्यावर तो लागला. पुढे कुणी बोलावलं नाही, चार्जशीट झालं की नाही तेही कळलं नाही. आम्ही विसरलो.

पोलीस विसरले नव्हते. व्हेरिफिकेशनला आलेल्या हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, ‘मूळ समाज कोणता?’ आईने सांगितला. त्याने वहीत काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. दोन महिन्यांनी पासपोर्ट कार्यालयातून दोन ओळींचं पत्र आलं : पोलीस अहवाल प्रतिकूल आहे, प्रकरण प्रलंबित. मी तीन वेळा खिडकीवर गेले. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं गेलं आणि मी परत आले. पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये हातात पडला. अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू झाला होता. जागा गेली, शिष्यवृत्ती त्या वर्षापुरती होती ती रद्द झाली.

तो पासपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे. एकही शिक्का नाही. मुदत केव्हाच संपली.

यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू? मनेका गांधी खटल्यावरच्या सोळा मार्कांच्या प्रश्नात मला तेरा पडले होते. खटला पाठ होता. खिडकीसमोर उभी राहिले तेव्हा मात्र मी आजोबांसारखी वागले. कारण विचारायची रीत नाही, असं धरून चालले.

म्हणून ते दोन खटले आज तुम्हाला मार्कांसाठी नाही, खिडकीसाठी सांगते.

पहिला १९६७ चा, सतवंत सिंग साहनी. हे मोटारींच्या सुट्या भागांची आयात-निर्यात करणारे व्यापारी. आयात परवान्याच्या चौकशीचं कारण काढून सरकारने त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं. गंमत अशी की तेव्हा पासपोर्ट कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचा कायदाच नव्हता. सरकारचं म्हणणं, पासपोर्ट हा परराष्ट्र व्यवहाराचा कागद आहे, तो देणं न देणं आमच्या मर्जीवर. १० एप्रिल १९६७ रोजी पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी हे फेटाळलं. परदेशी जाण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या ‘व्यक्तिगत स्वातंत्र्याचा’ भाग आहे, कायदा नसताना तो काढून घेता येणार नाही, आणि एकाला द्यायचा, दुसऱ्याला नाही अशी बेलगाम मोकळीक ही अनुच्छेद १४ मधल्या समानतेच्या विरुद्ध आहे. बहुमताचं नेतृत्व सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी केलं. पाच वर्षांपूर्वीचे अल्पमतातले सुब्बा राव. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडलं आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, ती हरले, पण ती वेगळी कथा. मुंबई उच्च न्यायालयानेही याआधीच याच दिशेने निकाल दिला होता.

त्या निकालामुळे सरकारला कायदा करावा लागला. आज आपण ज्याखाली अर्ज करतो तो पासपोर्ट अधिनियम जून १९६७ चा आहे. लक्षात घ्या, तो सरकारच्या औदार्यातून आलेला नाही.

दुसरा खटला १९७८ चा. मनेका गांधींना जुलै १९७७ मध्ये पत्र आलं : तुमचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त करायचं ठरलंय, सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारणं मागितली. उत्तर आलं, कारणं सांगणंही सार्वजनिक हिताचं नाही. हे उत्तर तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. आपल्या जात पडताळणीच्या खिडकीवर, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ते वेगळ्या शब्दांत मिळतं.

इथे बाबासाहेबांचा एक संदर्भ द्यायला हवा. संविधान सभेत ‘कायद्याने घालून दिलेली पद्धत’ हे शब्द आले तेव्हा अनेक सदस्यांना भीती वाटली की कायदेमंडळाला मोकळं रान मिळेल. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके सभेपुढे ठेवले आणि निर्णय सभेवर सोपवला. पण त्यांच्या मनातून तो प्रश्न गेला नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेबद्दलच्या संरक्षणाचं कलम, आजचा अनुच्छेद २२, मांडताना त्यांनी सांगितलं की आधी जे झालं त्याची ही भरपाई आहे. पुढे १९५० मध्ये गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भीती खरी करून दाखवली : कायदेमंडळाने पद्धत घालून दिली ना, मग ती न्याय्य आहे का हे आम्ही पाहणार नाही.

मनेका गांधी निकालाने, २५ जानेवारी १९७८ ला, सात न्यायाधीशांच्या पीठाने ते उलटवलं. पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. ज्याचा हक्क काढून घेताय त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. आणि कारणं देण्याचं टाळायचं असेल तर त्यालाही कारण लागेल, ते न्यायालय तपासेल.

आता पाठ्यपुस्तकं जे शेवटच्या ओळीत उरकतात ते. मनेका गांधींना त्या दिवशी पासपोर्ट परत मिळाला नाही. सरकारच्या वकिलांनी ‘आम्ही सुनावणी देतो’ असं सांगितलं, न्यायालयाने ते नोंदवून घेतलं आणि पासपोर्ट न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडेच राहिला. एवढा मोठा निकाल, आणि हातात कागद नाही. माजी पंतप्रधानांच्या सुनेची ही गत असेल तर आपली काय, असं तुम्ही म्हणाल. मी उलटं म्हणते. तिला जे मिळालं ते नेमकं आपल्याला लागणारं आहे : सुनावणी आणि लेखी कारण. हे निकाल मिळवणारे आपले नव्हते. एक व्यापारी, एक राजघराण्यासारख्या घरातली सून. १९५० मध्ये दिल्लीतून हद्दपारीचा आदेश निघाला तो नागपूरच्या डॉ. ना. भा. खऱ्यांविरुद्ध. ते हिंदू महासभेचे पुढारी, त्यांचं राजकारण आपल्या विरोधातलं. ते तीन विरुद्ध दोन मतांनी हरले, आणि हद्दपारीच्या आदेशात जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या ‘खात्री’ला न्यायालयाने मोठी जागा दिली. त्या निकालाचा भार पुढे आपल्या वस्त्यांनी वाहिला. तेव्हा खटला कुणाचा होता हे बघून तो टाकून देऊ नका.

आता तुमच्या तिघांच्या कामाचं बोलते.

पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२)(फ) मध्ये म्हटलंय की अर्जदाराविरुद्ध भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. शब्द काळजीपूर्वक ऐका : ‘न्यायालयात प्रलंबित’. पोलीस ठाण्यात नोंदलेला एफआयआर म्हणजे न्यायालयात प्रलंबित खटला नव्हे. अनेक उच्च न्यायालयांनी हे सांगितलंय, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन ज्ञापनातही तेच आहे. न्यायालयाने दखल घेतल्याशिवाय ते कलम लागत नाही. माझ्या २००७ च्या प्रकरणात कुठल्याही न्यायालयाने काहीही केलेलं नव्हतं. मी हे विचारलं असतं तर कदाचित ऑगस्टमध्येच सुटले असते.

दखल घेतली असेल तरी दार बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ ची एक अधिसूचना आहे, जीएसआर ५७०(ई). ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याच्याकडे परदेशी जाण्याची परवानगी मागायची. न्यायालयाने मुदत सांगितली तर तेवढ्या मुदतीचा, नाही सांगितली तर एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. म्हणून परवानगी मागताना अर्जात अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी लिहा. नाहीतर दोन वर्षांच्या एमएससाठी एक वर्षाचा पासपोर्ट घेऊन बसाल.

आणि एक. एजंट सांगतात, ‘गुन्ह्याच्या रकान्यात सरळ नाही लिहा, कुणी बघत नाही.’ ऐकू नका. खटला चालू असताना माहिती लपवली तर नंतर पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि तो स्वतंत्र गुन्हाही आहे. मग ज्या प्रकरणात तुमची बाजू पक्की होती ती तुम्हीच कच्ची केलीत.

नकार आला तर कलम ५(३) बघा. अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची असतात आणि तुम्ही मागितल्यावर त्याची प्रत द्यायची असते. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक हित अशा कारणांसाठीच ती प्रत नाकारता येते. जमावबंदी मोडणाऱ्या बीएच्या मुलीमुळे परराष्ट्र संबंध बिघडत नाहीत. प्रत मिळाली की कलम ११ खाली अपील. पण खरी अडचण नकाराची नसते. ते नाकारतही नाहीत आणि देतही नाहीत. ‘प्रोसेसमध्ये’ ठेवतात. नकाराविरुद्ध अपील आहे, मौनाविरुद्ध अपील नाही, तिथे उच्च न्यायालयात रिट करावी लागते. रिट करायची तर कागद लागतो, आणि कागद हवा तर आधी तुम्ही लिहून मागितलेलं असायला हवं. पोलिसांचा अहवाल हा निर्णय नाही. निर्णय पासपोर्ट अधिकाऱ्याने स्वतःचं डोकं वापरून घ्यायचा आहे.

हे झालं देशाबाहेर जाण्याचं. पण इथल्या बऱ्याच जणांच्या घरी प्रश्न उलटा आहे : भाऊ जिल्ह्यात राहू शकेल का?

तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५६. निवडणूक किंवा सण जवळ आला की वस्त्यांमध्ये नोटिसा येतात. त्यात ठरलेली वाक्यं असतात : तुमच्या भीतीने साक्षीदार पुढे येत नाहीत, साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’ यांचे गोपनीय जबाब झाले आहेत. माझ्याकडे एक पोरगा आला होता, बीएच्या दुसऱ्या वर्षाचा. त्याच्या आदेशात सहा-सात वर्षांपूर्वीची भांडणं मोजली होती, त्यातल्या दोन प्रकरणांत तो निर्दोष सुटला होता. दोन वर्षं जिल्हाबाहेर. त्याचं परीक्षा केंद्र जिल्ह्यात. मी विचारलं, नोटीस आली तेव्हा काय केलंस? म्हणाला, ‘ताई, सही केली. साहेब म्हणाले नुसती सही कर.’

कलम ५९ खाली त्याला म्हणणं मांडायची, साक्षीदार द्यायची, वकील लावायची संधी होती. ती त्याने सहीत घालवली. तरी न्यायालयात आम्ही उभे राहू शकलो ते २८ जानेवारी २०२२ च्या एका निकालामुळे : दीपक लक्ष्मण डोंगरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांच्या तडीपारीचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो अनुच्छेद १९ च्या फिरण्याच्या हक्कावर घाव घालतो, म्हणून क्वचितच वापरायचा. जुनीपानी प्रकरणं दाखवून भागणार नाही. आणि कमाल मुदत, दोन वर्षं, द्यायची असेल तर दोनच का, सहा महिने का नाहीत, याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. पुन्हा तेच. कारण.

डॉ. खऱ्यांच्या निकालापासून या निकालापर्यंत बहात्तर वर्षं गेली. कायदा फारसा बदलला नाही. १९५२ आणि १९५६ मध्ये मुंबईच्या तडीपारीच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने वैधच ठरवल्या होत्या, आणि आजही नोटिशीत आरोपांचं ‘सर्वसाधारण स्वरूप’ सांगितलं की पुरतं. साक्षीदार ‘अ’ कोण, हे त्या पोराला कधीच कळलं नाही. हे मला मान्य नाही, आणि त्यावर अजून भांडायचं आहे. पण आदेशात काय लिहिलेलं असायला हवं याची अट वाढली. ती आपण वापरली तरच तिला अर्थ आहे. त्या पोराला परीक्षेपुरती जिल्ह्यात यायची परवानगी मिळाली, आदेश नंतर रद्द झाला. तो आता एमए करतोय.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेव्हा पासपोर्टची सक्ती नव्हती, ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली. कधीकधी माझ्या मनात येतं, तेव्हा व्हेरिफिकेशन असतं तर हवालदाराने वहीत काय लिहिलं असतं.

असो. जेवणाच्या सुट्टीत आपल्यातल्या एका मुलीचा अर्ज आम्ही बसून लिहिला. तिच्यावर विद्यापीठातल्या आंदोलनाचा एफआयआर आहे, चार्जशीट नाही, आणि तिला ‘अहवाल प्रतिकूल’ एवढाच मेसेज आलाय. अर्ज चार ओळींचा आहे : माझ्याविरुद्ध कोणत्या न्यायालयात कोणता खटला प्रलंबित आहे ते कळवावं, पोलीस अहवालाची प्रत द्यावी, निर्णय झाला असल्यास कलम ५(३) नुसार लेखी कारणं द्यावीत, प्रवेशाची अंतिम तारीख अमुक आहे हे लक्षात घ्यावं. मसुदा मागच्या टेबलावर ठेवलाय. नाव आणि तारीख बदला, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आता प्रश्न विचारा.